पँगाँगच्या काठावरची एक रात्र

सदर : पायपीट



‘पैसा कमी आहे, पण मुलांना काही वेगळे दाखवायचे आहे, कुठे जावे?’ असे विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. मी बहुधा अजिंठा, सांची, नागार्जुनकोंडा अशी जवळची ठिकाणे सुचवतो. आज एक फार दूरची जागा सांगणार आहे. त्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे. जागा आवडली नाही तरी चालेल, पण चूक नीट वाचा. आपल्या विदर्भातल्या पुष्कळ घरांत ती होऊ शकते.

जागा आहे लडाखमधले पँगाँग सरोवर. वाळवंट म्हटले की आपल्याला राजस्थानचे तापलेले रेताड रान आठवते. थंडीचेही वाळवंट असते. हिमालयाच्या पलीकडे ढग पोचतच नाहीत. लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे श्रावणातल्या एखाद्या जोराच्या दिवसात तेवढा पडून जातो. डोंगर उघडेबोडके, झाड दिसते ते फक्त ओढ्याकाठच्या गावात. अशा मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे १४,००० फूट उंचीवर, १३० किलोमीटरहून लांब पण रुंदीला जेमतेम ५ किलोमीटर असे हे पाणी पसरले आहे. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आपल्याकडे आणि बाकीचा चीनच्या ताब्यातल्या तिबेटकडे आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते खारे. आपल्या बुलढाण्याच्या लोणारसारखेच समजा. लोणारचा खड्डा मात्र उल्केने पडला आणि हे पाणी डोंगरांच्या खोबणीत अडकून राहिले. हिवाळ्यात, खारे असूनही, ते गोठते.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३२ वर्षे पाने-स्पॅनर चालवून निवृत्त झालो. भिशीचे पैसे आले तेव्हा, म्हणजे २०२३ च्या जूनमध्ये, आम्ही तिघे निघालो. मी, माझी पत्नी आणि माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. भाचा तेवीस वर्षांचा, हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. सिनेमात पाहिल्यापासून ते निळे पाणी त्याच्या डोक्यात बसले होते. माझ्या डोक्यात दुसरेच होते. त्या वाटेवर हजारो वर्षांपूर्वीची, दगडावर कोरलेली चित्रे आहेत असे मी वाचले होते.

आधी स्वस्तात कसे जायचे ते सांगतो. विमानाने लेहला उतरणे सोपे, पण खिशाला जड आणि शरीरालाही जड. एका तासात माणूस सुमारे साडेअकरा हजार फुटांवर जाऊन पडतो आणि डोके धरून बसतो. आम्ही नागपूरहून जम्मूपर्यंत स्लीपरने गेलो. तिथून श्रीनगरपर्यंत आणि पुढे कारगिलपर्यंत माणशी भाड्याच्या गाडीने. आता कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही आहे, ती जून २०२५ मध्ये सुरू झाली. श्रीनगर सुमारे ५,२०० फुटांवर, कारगिल सुमारे ८,८०० फुटांवर. कारगिलला एक रात्र मुक्काम केला की शरीराला पायरी-पायरीने चढल्यासारखे होते. वाटेत मुलबेखला रस्त्याच्या कडेलाच मैत्रेयाची उभी मूर्ती एका सरळ कड्यात कोरलेली आहे. तीस फुटांच्या आसपास उंच. गाडीवाल्याला पाच मिनिटे थांबायला सांगा, तो थांबतो.

लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीही करायचे नाही. हळू चालायचे, भरपूर पाणी प्यायचे, दारूला हात लावायचा नाही. हे दोन दिवस वाया गेले असे समजू नका, ते तिकिटाइतकेच जरुरीचे आहेत. आम्ही एका घरात खोली घेतली. जेवण घरचेच. थुक्पा म्हणजे भाज्या आणि शेवया घातलेली पातळ आमटी, आणि मीठ-लोणी घातलेला चहा. पत्नीने पहिल्या घोटाला तोंड वाकडे केले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागून घेतला. आमचे प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालले नाही. घरी ख्यालीखुशाली कळवायला घरमालकिणीचा फोन मागावा लागला. जाणाऱ्यांनी ही सोय आधी बघावी.

तिसऱ्या दिवशी बसने अल्चीला गेलो. हे गाव लेहपेक्षा थोडे खाली, सिंधू नदीकाठी आहे. तिथला विहार अकराव्या-बाराव्या शतकातला, भिंतींवर काश्मिरी हातांची चित्रे आहेत. पण आम्हाला आधी पुलाजवळचे दगड पाहायचे होते. सिंधूच्या काठी मोठमोठे काळसर शिलाखंड पडले आहेत. ऊन-वाऱ्याने हजारो वर्षांत दगडावर काळपट तकाकी चढते. त्यावर दुसऱ्या कठीण दगडाने टोचत गेले की आतला फिकट रंग उघडा पडतो. एवढेच तंत्र. ना रंग, ना लोखंड. त्यातून काढलेले रानबकरे, मागे वळलेली लांब शिंगे, धनुष्य ताणलेला शिकारी, मागे धावणारे कुत्रे. लडाखमधली अशी सर्वांत जुनी चित्रे साधारण तीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. नंतरच्या लोकांनी त्याच दगडांवर स्तूप कोरले, तिबेटी अक्षरे कोरली. ज्याला जे प्रिय होते ते त्याने कोरले.

भाच्याने खिशातून किल्ली काढली. एका रानबकऱ्याशेजारी मोकळी जागा होती.

“मामा, आपलंबी नाव लिहून ठेवू का? ‘जयभीम’ लिहितो.”

मी काही बोलण्याआधी पत्नी म्हणाली, “ठेव ती किल्ली खिशात. अजिंठ्याला कोणी नाव खरडलं की आपणच शिव्या देतो ना? मग इथं तूच तसं करून राह्यला?”

पोराने मुकाट्याने किल्ली ठेवली. मला बरे वाटले. पुढे कळले की या दगडांचे खरे नुकसान किल्लीने झालेले नाही. रस्ते, पूल, घरे बांधताना कोरीव दगड कितीतरी फोडले गेले. लडाखच्या रस्त्यांवर राबणारे पुष्कळ मजूर झारखंडच्या दुमका भागातून येतात. डांबराचा धूर, पातळ हवा आणि हातात घण. त्यांना दोष देण्याची माझी जीभ होत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. खडी फोडणाऱ्यासाठी दगड म्हणजे दिवसाची मजुरी. त्यावर काय कोरले आहे हे सांगण्याचे काम ज्यांनी कामाचा ठेका दिला त्यांचे होते.

चौथ्या दिवशी माणशी भाड्याच्या गाडीतून पँगाँगला निघालो. अंतर सुमारे १६० किलोमीटर, पण वेळ पाच-सहा तास. मध्ये चांग ला नावाची खिंड लागते, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तिथे जास्त वेळ थांबायचे नाही. पलीकडे उतरले की दुर्बुक, मग टांगत्से गाव, आणि पुढे डोंगराच्या फटीतून एकदम निळी रेघ दिसते. त्या निळ्याचे वर्णन मी करणार नाही. गाडीतली दहा माणसे एकदम गप्प झाली, एवढे सांगतो.

काठावरच्या स्पांगमिक गावात एका घरी मुक्काम केला. तंबूंच्या मोठ्या छावण्याही असतात, पण त्या महाग, आणि त्यांचे सांडपाणी जाणार कुठे हा प्रश्न असतोच. घरात राहिले की पैसा घरातल्या बाईच्या हातात पडतो. संडास कोरडा, वर बसायचे, वरून माती-राख टाकायची, पुढे त्याचे खत शेतात जाते. पाण्याचा थेंब लागत नाही.

स्वयंपाकघरात मोठी लोखंडी चूल, भिंतीवर ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, चुलीच्या बाजूने भिंतीकडे सतरंज्या. मी सवयीने दाराजवळ बसलो. घरमालक पटकन उठले आणि हाताला धरून मला वर, चुलीजवळ नेऊन बसवले. लडाखी घरात बसण्याची एक उतरंड असते. मान्यवर वर, आणि वाद्ये वाजवणारे मोन व बेडा हे लोक परंपरेने अगदी दाराशी. त्यांच्यात बौद्धही आहेत, तरी ओळ ठरलेली. हे मी आधी वाचले होते, म्हणून तो चहा मला सहज घोटवला नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्यांना तसे बोललोही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझा मुलगा लेहला शिकतो. तो घरी आला की दाराशीच बसतो. म्हणतो, मी इथेच बसणार.” त्यांच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, ते कळले नाही. दोन्ही असावे.

आता चुकीकडे येतो.

माझा भाचा सिकलसेलचा वाहक आहे. शाळेत असताना तपासणी झाली तेव्हा त्याच्या कार्डावर ‘एएस’ आले. आपल्या विदर्भात बौद्ध आणि आदिवासी घरांमध्ये हा दोष पुष्कळ आढळतो, हे तुम्हाला सांगायला नको. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि वाहकाला काही त्रास नसतो, फक्त लग्न जुळवताना दुसऱ्या बाजूची तपासणी करायची, एवढे मला ठाऊक होते. निघण्याआधी बहीण म्हणाली होती, “एकदा डॉक्टरला विचारून घे रे.” मी म्हणालो, “बाई, एएस म्हणजे आजार नोहे. पोरगा क्रिकेट खेळते, त्याला काय धाड भरली?” आणि विचारले नाही.

संध्याकाळी भाचा घरामागच्या टेकडीवर धावत चढला, वरून फोटो काढायला. मी खालून बघत होतो आणि पत्नीला कौतुकाने म्हणालो, “बघ, हवा पातळ असूनबी पोराला काही फरक नाही.”

रात्री अकराच्या सुमारास तो उठून बसला. “मामा, इथं दुखून राह्यलं.” हात डाव्या बरगडीखाली. मी म्हणालो, लोण्याचा चहा बाधला. ओवा दिला, गरम पाणी दिले. एक वाजता ओकारी झाली. मी म्हणालो, आता मोकळे वाटेल. दोन वाजता तो पाय पोटाशी घेऊन कण्हू लागला, आणि मी अजून सकाळची वाट पाहू म्हणत होतो. निवृत्त माणसाला रात्रीची गाडी करायची म्हणजे पैसे दिसतात. मला ते दिसत होते, हे लपवत नाही.

पत्नी उठली. म्हणाली, “अहो, पोट मधात दुखते. हे कडेला दुखून राह्यलं. बाईंनी स्टेशनवर मला एक कागद दिला होता.” तिने पिशवीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ते कार्ड काढले. बहिणीने मला दिले नव्हते, माझ्या बायकोला दिले होते. माझे उत्तर तिला ठाऊक होते.

घरमालकांनी गाडी काढली. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. डोंगरात त्रास झाला की ‘खाली उतरा’ असे सगळे सांगतात. पण पँगाँगहून लेहला यायचे तर आधी वर, चांग लाच्या साडेसतरा हजार फुटांवर चढावे लागते. श्वास कमी पडलेल्या माणसाला तसाच घेऊन ती खिंड ओलांडणे धोक्याचे. म्हणून घरमालक म्हणाले, आधी टांगत्से. सुमारे ४० किलोमीटर, पण उंची सुमारे तेरा हजार फूट, म्हणजे सरोवरापेक्षा हजारेक फूट खाली, आणि तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे.

केंद्रातले डॉक्टर तरुण होते. मी सवयीने ‘पोट बिघडले’ म्हणून सुरुवात केली. पत्नीने मला बाजूला सारून कार्ड पुढे ठेवले. त्यांनी ते दिव्याखाली धरले आणि लगेच ऑक्सिजनचा मुखवटा लावला, सलाईन सुरू केले. मग समजावून सांगितले. वाहकाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी ठीक असतात. पण प्राणवायू फार कमी झाला, त्यात धावपळ झाली, पाणी कमी पडले, की काहींच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्लीहेतून, म्हणजे डाव्या बाजूच्या पाणथरीतून, रक्त संथ वाहते, तिथे त्या अडकतात आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. बहुतेक वाहकांना असे होत नाही, पण ज्याला होते त्याचा जीवही जाऊ शकतो. शेवटी म्हणाले, “इथे असे रुग्ण नसतात. हे कार्ड नसते तर मला सुचायला वेळ लागला असता.”

लेहहून रुग्णवाहिका यायची होती. उजाडले होते. पत्नी म्हणाली, “तुम्ही इथं येरझारा घालू नका. बाहेर जाऊन या.” बाहेर पडलो आणि पाय आपोआप गावाजवळच्या त्या शिळेकडे वळले. टांगत्सेची ही शिळा पाहायचे आम्ही परतीच्या वाटेवर ठरवले होते. तिच्यावर क्रूस कोरले आहेत, मध्य आशियातल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे. आणि सोग्दियन भाषेतला लेख आहे, नवव्या शतकातला. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की समरकंदचा एक माणूस एका भिक्षूबरोबर तिबेटच्या राजाकडे निरोप घेऊन निघाला होता. समरकंद कुठे, टांगत्से कुठे! ना गाडी, ना ऑक्सिजन. वाटेत एके ठिकाणी थांबून त्यांनी एवढेच लिहिले की आम्ही इथून गेलो.

एरवी मी त्या शिळेपुढे तासभर बसलो असतो. त्या दिवशी डोळ्यापुढे फक्त बहिणीचा चेहरा होता. ती माणसे पुढे घरी पोचली की नाही, ते शिळेवर लिहिलेले नाही. मी परत फिरलो.

ऑक्सिजन लावूनच चांग ला ओलांडली. लेहच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. प्लीहेचा एक भाग निकामी झाला होता, पण फाटला नव्हता. शस्त्रक्रिया लागली नाही. पाच दिवस तिथे ठेवले. मग डॉक्टरांच्या परवानगीने भाचा आणि मामी विमानाने दिल्लीला उतरले आणि मी रस्त्याने आलो. सारा प्रवास माणशी सोळा हजारांत बसवला होता. गाडी आणि विमान मिळून तो हिशेब पार कोलमडला. भिशीची पुढची पाळी आधीच उचलावी लागली. भाचा आता ठणठणीत आहे, कामावर जातो. बहिणीने मला रागावले नाही. चहा दिला आणि म्हणाली, “पोराला घेऊन आला, बस झालं.” रागावली असती तर बरे झाले असते.

म्हणून हात जोडून सांगतो. आपल्या घरात प्रत्येकाची सिकलसेल तपासणी झालेली असावी, सरकारी दवाखान्यात ती होते. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे. ‘एसएस’ असलेल्याने असल्या उंचीवर जाऊच नये. ‘एएस’ असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. गेलात तर धावू नका, पाणी पीत राहा. डाव्या बरगडीखाली दुखले तर ओवा शोधू नका, खाली उतरण्याची वाट शोधा. आणि कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.

मग लडाखला जाऊच नये का? माझा भाचा जाणार नाही, पण तुमच्यापैकी बहुतेकांनी जरूर जावे. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. लेहमध्ये पोचल्यावर शुल्क, नोंदणी आणि रस्त्याची चौकशी करा, कारण सीमेचा भाग आहे आणि नियम बदलतात. एक दिवस अल्चीच्या दगडांना द्या. हात लावू नका, खडूने रेघा ओढू नका, नुसते पाहा.

शेवटी एक. त्या संध्याकाळी, भाचा टेकडीवर धावत असताना, पाण्यावर डोक्याला दोन काळे पट्टे असलेले पांढुरके हंस उतरले होते. आपल्याकडे त्यांना पट्टकादंब म्हणतात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून ते थेट आपल्या महाराष्ट्रातल्या तलावांवर, जायकवाडीला, येतात. भाच्याला मी तसे कळवले. गेल्या जानेवारीत सुट्टीच्या दिवशी तो मामीला घेऊन जायकवाडीला जाऊन आला. फोन केला, “मामा, दिसले. तेच आहेत.” आवाज दमलेला नव्हता.